दौंडकरची खुर्ची

मेहेंदळे सरांचं नाव निघालं की आमच्या घरात अजून दोन तट पडतात. आमचे हे म्हणतात, देवमाणूस होता. मी म्हणते, असेल. पण देवाला देव्हाऱ्यात ठेवतात, वर्कशॉपच्या हिशेबाला बसवत नाहीत. चांगल्या माणसानं दुसऱ्याला किती वैताग द्यावा याला काही धरबंध असतो की नाही? सरांकडे तो नव्हता. मी भल्याभल्या फिटरना आणि टेंपोवाल्यांना सरळ केलंय, पण या एका माणसापुढे मी कपाळावर हात मारून घेतला, तोही दर रविवारी.

रविवारी अशासाठी, की भोसरीच्या एमआयडीसीत तेव्हा सुट्टी गुरुवारची. त्या दिवशी वीज बंद, म्हणून सगळी वर्कशॉपं बंद. रविवारी आमची लेथ मशीनं गरगरत असायची आणि सरांचं पुण्यातलं कॉलेज बंद. सकाळचा चहा होतो न होतो तोच फाटकाशी सायकलची घंटा वाजायची. चिंचवडहून सायकल मारत आलेले सर. पँटला क्लिप, खिशाला खडूची पांढरी पुटं, हातात फूटपट्टी. मी मनात म्हणायची, आता दिवसभर माझी शाळा!

पण पहिल्यांदा ते आले ते भांडायला. ती गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

आमचे हे पिंपरीच्या एका मोठ्या कंपनीत टर्नर होते. नोकरी सोडून भोसरीत शेड घेतली, जुनी मशीनं घेतली आणि त्याच कंपनीचं काम करायला लागले. हिशेब माझ्या गळ्यात. मी मॅट्रिक. माझी पद्धत सोपी होती: बिल आलं की तारेला टोचायचं, पैसे दिले की दुसऱ्या तारेला. महिनाअखेर दोन्ही तारा घेऊन बसायचं. पण काम वाढलं, बँकेचं कर्ज आलं, विक्रीकर आला, आणि माझ्या तारा पुऱ्या पडेनात. तेव्हा यांनी ठरवलं की एक शिकलेला मुलगा ठेवू.

तो निवृत्ती दौंडकर. चाकणच्या पुढच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा, घरातला पहिला बी.कॉम. आणि तोही डिस्टिंक्शनमध्ये. इस्त्रीचा शर्ट घालून आला. मी त्याच्यासाठी नवी लाकडी खुर्ची आणवली, टेबल पुसलं, दोन्ही तारा समोर ठेवल्या आणि म्हटलं, "कर सुरुवात."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत बघते तर हा तसाच बसलेला. हाताची घडी, समोर कोरी वही.

"काय रे, काय झालं?"

"वहिनी, ट्रायल बॅलन्स कुठंय?"

"तो कुठं असतो?"

"दिलेला असतो," तो म्हणाला. "त्याच्याखाली सूचना असतात. शिल्लक माल एवढा, घसारा एवढा, बुडीत येणं एवढं. मग आपण ताळेबंद करायचा."

"आणि देतं कोण हे सगळं?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की सूर्य कुठून उगवतो असं मीच त्याला विचारलंय. बिचारा! लबाड नव्हता, आळशीही नव्हता. आठवडाभर तो प्रश्नपत्रिकेची वाट बघत बसला. बँकेत पाठवलं तर भरणा करायची स्लिप उलटसुलट करून परत आला. शनिवारी यांनी त्याच्या हातात आठवड्याचा पगार ठेवला आणि म्हणाले, "बाळा, तुझं इथं काही जमायचं नाही."

आणि पुढच्या रविवारी सायकल फाटकात. उंच, शिडशिडीत, पन्नाशीचे गृहस्थ. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "माझ्या विद्यार्थ्याला काढलंत? डिस्टिंक्शन आहे त्याला! तत्त्वं तोंडपाठ आहेत!"

मी म्हटलं, "तोंडपाठ आहेत ना, मग तोंडातच राहू द्या. मला हातानं काम करणारा हवा होता."

सर लाल झाले. मी तारेवरची बिलं त्यांच्यापुढे आपटली. "घ्या. तुम्ही शिकवलंत ना त्याला? करून दाखवा तुम्ही."

बोलून गेले आणि पस्तावले. कारण सर खरोखरच बसले. त्याच खुर्चीवर. क्लिप काढून खिशात टाकली, फूटपट्टी सरळ ठेवली आणि म्हणाले, "दाखवतो. पगार नको. मात्र एक अट. ही खुर्ची दौंडकरची. मी इथं सगळं बसवून देईन, मग त्याला शिकवीन, मग तुम्ही त्याला परत घ्यायचं. तोवर इथं दुसरा कोणी बसणार नाही."

हे लगेच "हो" म्हणाले. फुकटात प्रोफेसर मिळतोय म्हटल्यावर कोण सोडतंय! मी मात्र म्हटलं, जन्मात घेणार नाही त्याला. तशी त्या रविवारपासून आमची कुस्ती लागली.

सरांच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं: "असं गृहीत धरा." काही विचारा. "असं गृहीत धरा, की मशीन दहा वर्षं चालेल." मी म्हणायची, "अहो सर, ते मशीन आणलं तेव्हाच म्हातारं होतं! आज चालतंय ते दत्तूफोरमनच्या शिव्यांवर." "असं गृहीत धरा, की सर्व खरेदी उधारीची आहे." "सर, इथं गृहीत काय धरताय? सगळं समोर पडलंय की! उठा आणि बघा." पण ते उठायचे नाहीत. कागद त्यांच्याकडे चालत यायला हवा होता. तीस माणसांच्या आवाजात, तेलाच्या वासात, हा माणूस वर्गात बसल्यासारखा बसायचा आणि बेरजेखाली फूटपट्टी लावून दोन रेघा मारायचा. रेघ वाकडी आली तर पान नवीन. माझी किती पानं फुकट घालवली असतील, देव जाणे.

एकदा त्यांना हमालांचं चहापाणी सापडलं. स्टीलच्या गोदामातून सळ्या आणल्या की हमालांच्या हातावर काही ना काही ठेवावं लागतं, नाहीतर गाडी संध्याकाळपर्यंत हलत नाही. हे सगळ्या भोसरीला माहीत. मी ते 'किरकोळ' म्हणून लिहायची. सरांनी चष्मा वर केला. "पावती?"

"हमालाची पावती?"

"पुराव्याशिवाय नोंद नाही. हे तत्त्व आहे."

मी म्हटलं, बसा तत्त्व धरून. तर दुसऱ्या रविवारी हा गृहस्थ छापील व्हाउचरं आणि शाईचं पॅड घेऊन स्वतः टेंपोत बसून गोदामावर गेला! हमालांना रांगेत उभं केलं आणि एकेकाचा अंगठा. हमालांनी विचारलं, "सायेब, ह्याचं आमाला काय मिळनार?" सर म्हणाले, "तुमची नोंद राहील." तेव्हा निगडीकडे प्राधिकरणाची घरं उठत होती आणि कुणाला मिळणार याची रोज एक आवई. झालं! हमालांत बातमी पसरली की सरकारी माणूस खोल्यांसाठी अंगठे घेतोय. शेजारच्या गोदामाचे आले, चहावाला आला, एक बाई पोराला कडेवर घेऊन आली. सरांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. त्यांना वाटलं, लोकांना हिशेबाची गोडी लागली.

पुढं महिनाभर माझ्या दारात माणसं. "वैनी, आमच्या खोलीचं काय झालं?" मी एकेकाला समजावतेय, चहा पाजतेय, त्या चहाचा खर्च पुन्हा 'किरकोळ'मध्ये लिहितेय. आणि सर विचारतायत, "याची पावती?" त्या दिवशी मी पॅड उचलून भट्टीत टाकणार होते. यांनी हात धरला म्हणून वाचलं.

पण हेही सांगायला पाहिजे, नाहीतर मी म्हणजे अगदीच कजाग. एका रविवारी सरांनी यांना समोर बसवलं. "तुमच्या खर्चात फोरमनचा पगार आहे, वॉचमनचा आहे. वहिनींचा कुठं आहे?"

हे हसले. "घरच्या बाईला कसला पगार, सर?"

"धंद्याला घर नसतं," सर म्हणाले. "धंदा वेगळा, मालक वेगळा. वहिनी सकाळपासून धंद्यासाठी राबतात आणि धंदा त्यांचा खर्च दाखवत नाही. म्हणजे तुमचा नफा खोटा आहे."

यांनी मान खाली घातली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण माझी बाजू कुणी अशी मांडली नव्हती, माझ्या भावांनीसुद्धा नाही. त्या महिन्यापासून माझा पगार लागला. मला इतका आनंद झाला, आणि त्याचाच राग आला. ज्याच्यावर मनसोक्त चिडावं, त्यानं असं मध्येच बरोबर वागू नये.

एकदा मी विचारलं, "सर, एवढे विद्यार्थी तुमचे. या दौंडकरसाठीच का एवढा जीव काढताय?"

सरांनी पेन्सिलीला टोक काढलं. मग म्हणाले, "तुम्ही त्याला काढलंत ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचे वडील माझ्या घरी आले. मला वाटलं, शिव्या देणार. तर पाठीवर कांद्याचं पोतं. म्हणाले, 'सर, तुमी शिकिवलं म्हून तर त्याला कंपनीनं दारात हुभा केला. टिकला न्हाई, ह्यो त्याचा दोष. तुमचा काय बी न्हाई.' आणि पोतं ठेवून निघून गेले. वहिनी, ते कांदे आम्ही घरात चिरायचो ना, मला जेवण जायचं नाही. दोष कुणाचा, ते मला माहीत होतं."

 त्या दिवशी चहा मी आलं घालून केला.

दौंडकर तेव्हा चाकणच्या कांदा बाजारात एका अडत्याकडे वजनं लिहायला लागला होता. गावात टिंगल व्हायची, बी.कॉम. झाला आणि कांदे मोजतोय. सर अधूनमधून म्हणायचे, "अजून थोडं. ताळेबंद बसला की त्याला बोलावतो." मी म्हणायची, "आणि मी बसू दिला तर ना!"

मग तो मार्च आला. माझ्या बहिणीचं बाळंतपण म्हणून मी नारायणगावला गेले होते. बँकेला वर्षअखेरचं मालाचं पत्रक द्यायचं होतं. आमचं कर्ज असं होतं, की शेडमधला माल बँकेकडे तारण, आणि त्या मालाच्या हिशेबानं बँक पैसे उचलू देणार. दर वेळी ते पत्रक मी करायची. या वेळी सर म्हणाले, "वहिनी नाहीत तर मी करतो. शिल्लक मालाचं मूल्यांकन! आयुष्यभर शिकवलंय." आणि त्यांनी दत्तूफोरमनला ओरडून विचारलं, "शेडमध्ये कास्टिंगं किती?" मशीनांच्या आवाजात दत्तूनं आकडा सांगितला. सर खुर्चीवरून उठले नाहीत. बाजारभावानं गुणलं, फूटपट्टीनं दोन रेघा मारल्या. यांनी सही ठोकली. हे तर समोर ठेवलेल्या लग्नपत्रिकेवरही सही करतील.

आता भोसरीत शेंबडं पोरही सांगेल, की आमच्यासारख्यांच्या शेडमध्ये जी कास्टिंगं पडलेली असतात ती आमची नसतातच मुळी! मोठी कंपनी ओतीव कास्टिंगं पाठवते, आम्ही त्यांना भोकं पाडतो, घासतो, मापात आणतो, परत पाठवतो. आमची फक्त मजुरी. माल त्यांचा. मेहेंदळे सरांनी कंपनीचा माल आमचा म्हणून बँकेकडे तारण टाकला.

मी परत आले त्याच दिवशी बँकेचा तपासनीस आला. हातात पत्रक घेऊन शेडमध्ये उभा. मोजतोय तोवर फाटकातून कंपनीचा टेंपो आत. ड्रायव्हरनं चलन दाखवलं, पोरांनी कास्टिंगं भराभर चढवली आणि टेंपो निघाला. तपासनीस एकदा पत्रकाकडे बघतोय, एकदा टेंपोकडे. "अहो, हे काय? आमचं तारण चाललं की गाडीतून!"

सांगायला आता हसू येतं, तेव्हा पायाखालची जमीन सरकली. बँकेनं खातं अडकवलं. खोटा माल दाखवून कर्ज उचललं, असा ठपका. आठ दिवसांत खुलासा द्या, नाहीतर पूर्ण रक्कम भरा. कंपनीला कळलं असतं तर काम बंद, आणि तीस घरांच्या चुली विझल्या असत्या. हे लेथवर हात ठेवून नुसते उभे होते. 

मी तडक बस पकडून चिंचवडला सरांच्या घरी गेले. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. मी चपलाही काढल्या नाहीत. "सर, आयुष्यभर शिकवलंत म्हणता, आणि माल कुणाचा एवढं विचारायचं सुचलं नाही? खुर्चीवरून उठून चार पावलं टाकली असती तर कास्टिंगवर कंपनीची खूण दिसली असती! माझ्या नवऱ्याला चोर ठरवलंत तुम्ही. उद्यापासून यायचं नाही. आणि ती तुमच्या दौंडकरची खुर्ची मी भंगारात घालते."

बोलले ते बोलले. आजही त्यातला शब्द मागे घ्यायची माझी तयारी नाही.  सरांनी भिंतीला हात टेकला होता. त्यांच्या बायकोनं पाण्याचा पेला पुढे केला, तो मी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी हे बँकेत गेले तर सर आधीच मॅनेजरच्या दाराशी उभे. कॉलेजला रजा टाकून. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मॅनेजरनं आत बोलावल्यावर म्हणाले, "पत्रक मी केलं. यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली. मी लेखाशास्त्राचा प्राध्यापक आहे. प्रश्नपत्रिकेत शिल्लक माल दिलेला असतो, म्हणून तो कुणाचा हे मी उभ्या जन्मात विचारलेलं नाही. हवं तर हे लिहून देतो." आणि तिथंच उभ्या उभ्या लिहून दिलं. हे घरी येऊन सांगत होते तेव्हा यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, रडताय काय, मॅनेजर काय म्हणाला ते सांगा.

मॅनेजर म्हणाला होता, की नवं पत्रक करा, आमचा माणूस समोर उभा राहून ताडून बघेल; बरोबर निघालं तर खातं मोकळं. पण या वेळी करणारा कोण? यांनी तिथंच माझं नाव सुचवलं, तर तपासनीस म्हणाला, मालकाच्या घरचं माणूस नको.

तिथून सर सायकल बँकेच्या दारात टाकून थेट एसटीनं चाकणला गेले. पुढचं दौंडकरनं आम्हाला कितीदा तरी सांगितलंय. बाजारात कांद्याचे ढीग लागलेले, हा वजनं लिहीत बसलेला, आणि समोर घामाघूम सर. "दौंडकर, हे कांदे कुणाचे?"

"सर, तुम्ही इथं?"

"आधी उत्तर दे. शेड अडत्याची. आतले कांदे कुणाचे?"

"शेतकऱ्याचे, सर. अडत्या फक्त विकून देतो. त्याची अडत तेवढी त्याची."

"मग वर्षअखेर अडत्याचा शिल्लक माल म्हणून हे कांदे धरशील?"

"छ्या! असं कसं धरीन? मार खाईन की!"

सर मट्कन तिथंच एका गोणीवर बसले. "मग मी तुला तीन वर्षं काय शिकवलं रे? हा प्रश्न मी एकदाही घातला नाही. पुन्हा भोसरीला चल. या वेळी उत्तर तू दे, मी फक्त बघतो."

ते दोघं आले तेव्हा मी फाटकातच उभी होते, कमरेला पदर खोचून. सरांना म्हटलं, "तुम्हाला येऊ नका सांगितलं होतं." सर म्हणाले, "मी आत येत नाही. त्याला घ्या." आणि खरंच फाटकाबाहेर उन्हात थांबले. दौंडकर आत आला. माझं लक्ष त्या खुर्चीकडे. म्हटलं, हा जर आधी जाऊन तिथं बसला तर मी याला आल्या पावली परत पाठवणार, मग बँक गेली खड्ड्यात.

तो बसला नाही. वही काखेत मारली आणि सरळ शेडमध्ये गेला. पहिल्या ढिगापाशी थांबला. "दत्तूमामा, हे कुणाचं?" दुसऱ्यापाशी. "हे कुणाचं?" अंगावरच्या शर्टाला तेल लागलं, त्यानं बघितलंही नाही. मग परत फाटकाशी गेला आणि म्हणाला, "सर, खडू द्या." सरांनी खिशातून खडू काढून दिला. दौंडकरनं कंपनीच्या ढिगांवर फुली मारली, आमच्यावर टिक. मग मशीनखाली साठलेल्या लोखंडाच्या चुऱ्यापाशी थबकला आणि माझ्याकडे वळला.

"वहिनी, कास्टिंग कंपनीचं. मग त्यातून निघालेला हा चुरा कुणाचा?"

मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे. इतकी वर्षं तो चुरा आम्ही भंगारवाल्याला विकत होतो. कुणी विचारलंच नव्हतं. बाहेरून सर ओरडले, "वहिनी, याला म्हणतात प्रश्न!" फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरून उभे होते. मी म्हटलं, "या आत आता. उन्हात चक्कर येऊन पडाल, तर ते कुठल्या खात्यात लिहू?"

चुऱ्याचं यांनी कंपनीत जाऊन विचारलं. मजुरीच्या दरात तो आमच्याकडेच धरलेला होता, सुटलो. तपासनिसानं सगळं ताडून पाहिलं आणि बँकेनं खातं मोकळं केलं. त्या शनिवारचा पगार वेळेवर झाला. आणि सोमवारी दौंडकर त्याच्या खुर्चीवर बसला. मीच बसवला.

सरांचं रविवारचं येणं काही थांबलं नाही. हिशेबाला हात लावायचे नाहीत, पण येताना चार-पाच विद्यार्थी घेऊन यायचे. आमचं वर्कशॉप म्हणजे त्यांचा वर्ग! पोरं मशीनच्या आड येतायत, दत्तू करवादतोय, आणि सर ढिगापुढे उभे: "हे कुणाचं? गृहीत धरायचं नाही, विचारायचं." त्यांनी कॉलेजच्या परीक्षेतही एक गणित घातलं, ज्यात शिल्लक माल दिलेलाच नव्हता, तो कसा काढाल ते लिहा, एवढंच. मुलांनी गोंधळ घातला, पेपर चुकलाय म्हणून. प्राचार्यांनी बोलावलं. सर म्हणाले, "पेपर बरोबर आहे. अभ्यासक्रम चुकलाय." मग काय व्हायचं! शेवटच्या वर्षाचा वर्ग काढून घेतला आणि रिटायर होईपर्यंत पहिल्या वर्षाला बसवलं. मी चिडून म्हटलं, "थोडं गोड बोलला असतात तर काय बिघडलं असतं?" म्हणाले, "वहिनी, हे तुम्ही सांगताय?"

आणखी एक. दौंडकर रुजू झाल्यावर सर त्या खुर्चीवर पुन्हा कधी बसले नाहीत. आले की तेलाच्या उलट्या डब्यावर बसायचे. मी दहादा सांगितलं, पँट खराब होईल, दौंडकर उभा राहील. "ती त्याची आहे," एवढंच म्हणायचे.

शेवटचे आले ते रिटायर झाल्यावर एक-दोन वर्षांनी. सायकल सुटली होती, बसनं आले. फाटकापासून ऑफिसपर्यंत येताना दोनदा थांबले. रंग उतरलेला, शर्ट अंगात लोंबणारा. दौंडकर ताडकन उठला, खुर्ची पुढे ओढली. "सर, आज तरी." सरांनी मान हलवली आणि डब्यावर टेकले. मला इतका राग आला! धाप लागलेला माणूस, आणि हट्ट बघा.

चहा आणायला सांगितला. सर जरा सावरले आणि दौंडकरला म्हणाले, "बाहेर ते नवीन कसलं सामान उतरवलंय रे? वर्षअखेर कुठं धरशील?"

कंपनीनं त्या आठवड्यात काहीतरी नवीन पाठवलं होतं. त्याची काय भानगड, ते मला नीटसं माहीत नव्हतं. दौंडकरनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता देणार ठोकून उत्तर, इतक्या वर्षांचा मुरलेला माणूस. त्यानं तोंड मिटलं. "सर, बघून सांगतो," म्हणाला आणि बाहेर गेला.

सर माझ्याकडे बघून हसले. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग गुडघ्यावर हात रेटून उठले आणि त्याच्यामागे निघाले. मी म्हटलं, "अहो, बसा! तो येईल ना सांगायला!" ऐकतायत कुठले. आवारात दौंडकर त्या ढिगापाशी उकिडवा बसला होता. सर त्याच्याशेजारी वाकले, एक हात त्याच्या खांद्यावर, दुसरा खिशात, खडू शोधत.

चहा आला. मी दारातून हाक मारली, "सर! दौंडकर! निवतोय तो!" दोघांनीही मागे वळून बघितलं नाही.